फांसे कमी, गोष्ट अधिक : भूमिकाखेळाची निवड

भातुकली खेळतांना मुलांचें भांडण कशावरून होतें, हें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांस आमचा आजचा विषय समजावयास अडचण पडणार नाहीं. "मी आई होणार" यावरून होणारें भांडण लवकर मिटतें. आज एक आई होते, उद्यां दुसरी. परंतु चोर-शिपायाच्या खेळांत एक म्हणतो, "तुला गोळी लागली, तूं मेलास," आणि दुसरा म्हणतो, "छट्, मी झाडामागें होतों," तेव्हां तें भांडण मिटत नाहीं. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात. कारण गोळीही कल्पनेंतली आणि झाडही कल्पनेंतलें. तेथें साक्षीदार नाहीं, पंच नाहीं, नियम नाहीं. बहुधा ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो आणि धाकटा रडत घरीं जातो.

मोठ्या माणसांनीं याच खेळास नियमांची चौकट घालून, टेबलाभोंवतीं बसून खेळावयाचा एक प्रकार गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध केला आहे. इंग्रजींत त्यास 'रोल-प्लेइंग गेम' असें म्हणतात. आम्ही त्यास भूमिकाखेळ म्हणूं. चारपांच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. बहुतेक खेळांत एक जण सूत्रधार होतो. समोर ओढा आहे, पलीकडे पडकी गढी आहे, गढींत दिवा दिसतो आहे, असा प्रसंग तो वर्णन करतो आणि विचारतो, "आतां तुम्ही काय करतां?" ज्यानें त्यानें आपल्या पात्रातर्फे उत्तर द्यावयाचें आणि त्या उत्तरांतून गोष्ट पुढें सरकावयाची. नाटक म्हणावें तर संवाद आधीं लिहिलेले नसतात. कादंबरी म्हणावी तर तिचा कर्ता एक नसतो. ओढा पोहून जातां येईल कीं नाहीं अशी शंका निघाली, म्हणजे बहुधा फांसे टाकतात.

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कांहीं विद्यार्थी कॉलेजांत हे खेळ शिकतात आणि सुटींत गांवीं घेऊन येतात. त्यांचें पाहून वरच्या वर्गांतील मुलें आम्हांस विचारूं लागलीं आहेत कीं, "ज्यांत फांसे कमी आणि गोष्ट अधिक, असा खेळ कोणता?" पालकांचा प्रश्न निराळा असतो. ते विचारतात, "हा खेळ मुलास घेऊन द्यावा कीं नाहीं?" या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करणें आम्हांस इष्ट वाटलें. कारण खेळाची निवड करतांना फांसे आहेत कीं नाहींत एवढेंच पाहणारा विद्यार्थी आणि खेळ चांगला कीं वाईट एवढेंच पाहणारा पालक, या दोघांच्याही नजरेंतून मुख्य गोष्ट निसटते. फांसे काढले, तर त्यांच्या जागीं बसविलें काय, ही ती गोष्ट होय.

या खेळांचा वंश शोधीत गेल्यास तो सैन्याच्या छावणींत पोहोंचतो. प्रशियाच्या सैन्यांतील फॉन राइसविट्झ नांवाच्या तरुण लेफ्टनंटानें आपल्या वडिलांच्या कल्पनेंत सुधारणा करून १८२४ मध्यें 'क्रीग्सश्पील' म्हणजे युद्धखेळ प्रसिद्ध केला. नकाशावर पलटणींचे ठोकळे मांडीत, दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम देत, मध्यें एक पंच बसे आणि तोफांच्या माऱ्यानें किती माणसें पडलीं, हें तो फांसे टाकून व कोष्टक पाहून सांगे. पुढें नियम आणि कोष्टकें यांचें ओझें इतकें वाढलें कीं खेळ रेंगाळूं लागला. तेव्हां १८७६ मध्यें फेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें असें मांडलें कीं, फांसे व कोष्टकें बाजूस ठेवावीं आणि अनुभवी पंचानें आपल्या विवेकानें निकाल द्यावा. म्हणजे आज ज्या वादावर तरुण मंडळी रात्र जागवितात, तो वाद जवळजवळ दीडशें वर्षांचा जुना आहे.

युद्धखेळांतून भूमिकाखेळ निघाला, तो अमेरिकेंत. १९६९ मध्यें मिनेसोटा राज्यांत डेव्हिड वेस्ली यानें आपल्या मित्रमंडळाकरितां एक लढाई मांडली आणि गंमत म्हणून दोन सैन्यांच्या मध्यें सांपडलेल्या ब्राउनश्टाइन नांवाच्या काल्पनिक गांवचा नगराध्यक्ष, पेढीवाला, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिकाही वांटून दिल्या. खेळगडी लढाई विसरले आणि कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन एकमेकांशीं कारस्थानें करूं लागले. वेस्लीस वाटलें कीं आपला खेळ फसला. मंडळी मात्र पुन्हां तोच खेळ मागूं लागली. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन हा होता. त्यानें पुढें गॅरी गायगॅक्स याच्या साह्यानें १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका लहानशा पेटींत तीन पुस्तिका, एवढाच तो संसार. आज जगांत भूमिकाखेळ म्हटला कीं बहुतेकांच्या मनांत हाच खेळ येतो आणि त्याचा वीस बाजूंचा फांसा तर त्याची निशाणीच होऊन बसला आहे.

येथें थोडें गणित करूं. वीस बाजूंच्या फांशाची प्रत्येक बाजू पडण्याचा संभव सारखाच, म्हणजे वीसांत एक, अथवा शेंकडा पांच. अलीकडच्या आवृत्त्यांच्या नियमाप्रमाणें हल्ला करतांना एक पडला कीं नेम चुकलाच, मग तिरंदाज अर्जुनाच्या तोडीचा कां असेना! ज्याला गोष्ट रंगवावयाची आहे त्याला हें खटकतें. आतां सहा बाजूंचे दोन फांसे घ्या. एकंदर छत्तीस प्रकार होतात. त्यांत बेरीज सात येण्याचे प्रकार सहा, पण दोन किंवा बारा येण्याचा प्रकार एकेकच. म्हणजे मधल्या बेरजा वारंवार येतात आणि टोंकाच्या क्वचित्. व्हिन्सेंट व मेग्वी बेकर या जोडप्यानें २०१० मध्यें केलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळांत याचाच उपयोग केला आहे. दहा किंवा अधिक आले तर काम साधलें. सहा किंवा कमी आले तर बिघडलें. आणि सात, आठ, नऊ आले तर काम साधलें खरें, पण कांहीं किंमत मोजून. छत्तीसांपैकीं पहिल्याचे प्रकार सहा, दुसऱ्याचे पंधरा आणि तिसऱ्याचेही पंधरा. विद्यार्थ्यांनीं हे प्रकार वहींत मांडून पाहावे. त्या खेळाचा विषय मुलांजोगा नाहीं; परंतु त्याची ही मधली पायरी शिकण्यासारखी आहे. "ओढा पार केलास, पण भाकरीचें गांठोडें वाहून गेलें," असें ज्या क्षणीं सूत्रधार म्हणतो, त्या क्षणीं फांशानेंच गोष्टीस नवा फांटा फोडलेला असतो. तेव्हां फांसा हा गोष्टीचा शत्रूच आहे, असें सरसकट धरून चालणें बरोबर नाहीं.

फांशाच्या जागीं काय बसवितां येतें, याचा सर्वांत सुटसुटीत विचार जोनाथन ट्वीट यानें १९९५ मध्यें आपल्या 'एव्हरवे' या खेळांत मांडला. तो म्हणतो कीं, निकाल देण्याच्या वाटा तीन. पात्राचें सामर्थ्य पाहून निकाल द्यावा, ही पहिली. गोष्टीस काय शोभेल तें पाहून द्यावा, ही दुसरी. आणि दैवावर सोंपवावा, ही तिसरी. पहिलीस त्यानें 'कर्म' हा आपल्याकडचा शब्द योजला आहे. त्याचा अर्थ आपल्या आजीस विचारल्यास ती निराळाच सांगेल. पण ज्याची जितकी ताकद तितकें त्याचें फळ, एवढाच त्याचा आशय आहे. दैवाकरितां त्यानें फांसे न घेतां चित्रांचे पत्ते घेतले.

आतां ज्या गोष्टीकरितां आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळूं. फांसा कोणाचें तोंड पाहत नाहीं. सावकाराच्या मुलाच्या हातीं तो जसा पडतो तसाच मजुराच्या मुलाच्या हातींही पडतो. इंग्रजी माध्यमांतून आलेली चुणचुणीत मुलगी आणि घरांत पहिल्यानेंच शाळेची पायरी चढलेला मुलगा या दोघांसही त्याच्यापुढें सारखाच मान. ज्या खेळांत फांसे काढून टाकले आणि त्यांच्या जागीं दुसरें कांहींच ठेवलें नाहीं, तेथें निकाल कोण देतो? ज्यास झटपट बोलतां येतें तो, ज्याच्या विनोदास सर्व हंसतात तो, सूत्रधाराचा जो जिवलग मित्र तो. म्हणजे आपण फिरून त्या चोर-शिपायाच्या अंगणांतच येऊन उभे राहतों. आम्हीं वीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत उभें राहून पाहिलें आहे कीं, चाळीस मुलांत सहा जण बोलतात आणि चौतीस जण ऐकतात. खेळांतही तेंच व्हावयाचें असेल, तर तो खेळ कितीही कथाप्रधान असो, त्या चौतिसांना त्याचा उपयोग काय? म्हणून खेळ निवडतांना आमचा पहिला प्रश्न असा असतो कीं, न बोलणाऱ्या मुलाकरितां या खेळांत जागा कोणती?

या कसोटीवर कांहीं खेळ घासून पाहूं.

'अँबर' हा १९९१ मधला खेळ एरिक वुचिक याचा. रॉजर झेलाझ्नी याच्या कादंबऱ्यांवर तो रचला आहे. त्यांत फांसे मुळींच नाहींत. आरंभीं प्रत्येकास शंभर गुण देतात आणि मनःशक्ति, शरीरबल, चिकाटी व युद्धकौशल्य या चार गोष्टींचा लिलांव पुकारतात. ज्यानें ज्या गोष्टीस सर्वांत अधिक बोली लाविली, तो त्या गोष्टींत सर्वांवर श्रेष्ठ. समोरासमोर सरळ झुंज झाली तर जिंकणार तोच. मग दुबळ्यानें काय करावें? झुंज टाळावी, मैदान बदलावें, कोणाशीं तरी संधि करावा. खेळाची सारी मौज या डावपेंचांत आहे. हा अगदीं शुद्ध 'कर्मा'चा खेळ म्हणावयास हरकत नाहीं. परंतु सूत्रधार निष्पक्षपाती आणि कसलेला पाहिजे. शिवाय भाऊबंदकी हाच कथेचा प्राण. आमच्या मतें कॉलेजच्या मुलांपुरता तो ठीक आहे.

जेम्स वॉलिस याचा १९९८ मधला 'बॅरन मंकहाउझन' हा खेळ मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनांतही शोभेल. मंकहाउझन हा अठराव्या शतकांतला खराखुरा जर्मन उमराव. त्याच्या नांवावर लोणकढ्या थापांचें एक पुस्तक १७८५ मध्यें निघालें आणि तो जगप्रसिद्ध झाला. खेळांत एकानें दुसऱ्यास आव्हान द्यावयाचें, "सरदारसाहेब, आपण वाघाच्या पाठीवर बसून नदी कशी ओलांडलीत, तें सांगा पाहूं!" त्यानें तेथल्या तेथें थाप रचून सांगावयाची. इतरांनीं मध्येंच एक नाणें पुढें सरकवून हरकत घ्यावयाची, "पण त्या दिवशीं तर नदीस पाणीच नव्हतें!" सांगणाऱ्यानें तें नाणें घेऊन हरकत गोष्टींत गुंफावयाची, किंवा आपलें एक नाणें भर घालून ती परतवावयाची. शेवटीं ज्याची गोष्ट आवडली त्यास प्रत्येकानें आपलीं नाणीं द्यावयाचीं. नाण्यांऐवजीं चिंचोके घेतले तरी काम भागतें. खेळ सोपा, बिनखर्चाचा आणि हंसवून पोट दुखविणारा आहे. पण आमची कसोटी लावली तर तो उतरत नाहीं. कारण तो बोलक्यांनीं बोलक्यांकरितां केलेला खेळ आहे. लाजऱ्या मुलास तेथें टाळ्या वाजविण्याखेरीज काम नाहीं. वक्तृत्वाचा सराव व्हावा म्हणून तो जरूर खेळावा.

'ड्रेड' हा २००५ मधला खेळ फांशांऐवजीं लांकडी ठोकळ्यांचा मनोरा वापरतो. कठीण कृत्य करावयाचें असेल तर मनोऱ्यांतून एक ठोकळा हलक्या हातानें काढावयाचा. मनोरा कोसळला कीं तें पात्र कथेंतून गेलें. मनोरा जसजसा डळमळतो तसतशी छाती धडधडते. युक्ति मोठी नामी आहे. परंतु कथा भीतीच्या असल्यामुळें लहान मुलांनीं त्या वाटेस जाऊं नये. जेसन मॉर्निंगस्टार याचा 'फियास्को' (२००९) असाच गाजलेला आहे. पण हांवेपायीं स्वतःचा नाश करून घेणाऱ्या माणसांच्या त्या कथा प्रौढांच्या आहेत. त्यांतील एक नियम तेवढा सांगण्याजोगा आहे. ज्याची पाळी त्यानें एक तर प्रसंग कोणता तें ठरवावें, नाहीं तर त्याचा शेवट चांगला कीं वाईट तें ठरवावें. दोन्ही त्याच्या हातीं नाहींत. उरलेलें काम बाकीच्या मंडळींचें. एकाच्या मुठींत सारी गोष्ट जाऊं नये, म्हणून याहून सोपा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

इतिहास आवडणाऱ्या मुलांनीं बेन रॉबिन्स याचा 'मायक्रोस्कोप' (२०११) पाहावा. त्यांत फांसेही नाहींत आणि सूत्रधारही नाहीं. दोन ते चार जणांनीं मिळून एका काल्पनिक राज्याचा अथवा लोकसमूहाचा सारा इतिहास रचावयाचा. आरंभ कोणता आणि अंत कोणता, हें पहिल्यानेंच ठरवून टाकतात. मग प्रत्येकानें आपल्या पाळीस मधला एखादा कालखंड, त्या कालखंडांतली एखादी घटना, किंवा त्या घटनेंतला एखादा प्रसंग कागदाच्या तुकड्यावर लिहून योग्य जागीं मांडावयाचा. अंत ठाऊक असल्यामुळें "पुढें काय झालें?" ही उत्कंठा उरत नाहीं, "असें कां झालें?" ही उरते, आणि इतिहासाच्या अभ्यासांत हीच खरी. या खेळांत आणखी एक कडक नियम आहे : ज्याची पाळी त्यानेंच ठरवावयाचें, बाकीच्यांनीं सूचना करावयाची नाहीं, मदतही करावयाची नाहीं. हा नियम प्रथम तुसडा वाटतो. पण ज्या मुलाचें वाक्य नेहमीं दुसराच कोणी पुरें करतो, त्या मुलाच्या बाजूनें पाहिलें म्हणजे त्याची किंमत कळते.

जपानांत र्‍यो कामिया यानें २००६ मध्यें केलेला एक खेळ इंग्रजींत 'गोल्डन स्काय स्टोरीज' या नांवानें २०१३ मध्यें आला. आमच्या खालच्या वर्गांकरितां आम्ही तो सुचवूं. खेळगडी कोल्हा, मांजर, कुत्रा, ससा, पक्षी असे प्राणी होतात. त्यांस थोडा वेळ माणसाचें रूप घेण्याची विद्या अवगत असते आणि खेड्यांतल्या माणसांच्या लहानसहान अडचणी ते दूर करतात. कोणाची मैत्री तुटलेली असते, कोणी घरची वाट चुकलेला असतो. मारामारीनें येथें कांहींच साधत नाहीं. फांसे नाहींत, पात्राच्या अंगीं असलेला गुण आणि कामाची अवघडता यांची तुलना करतात आणि कमी पडेल तें आपल्याजवळच्या गुणांच्या सांठ्यांतून भरून काढतात. पण सर्वांत गोड नियम वेगळाच आहे. कोणीं कांहीं सुंदर, मायेचें अथवा गमतीचें केलें, तर इतर खेळगडी त्यास तेथल्या तेथें एक गुण देतात. त्याकरितां फार बोलावें लागत नाहीं. एखादी मुलगी नुसतें म्हणाली, "मी त्या म्हातारीच्या पायाशीं जाऊन झोंपतें," तरी तिच्यापुढें चार गुण येऊन पडतात.

सर्वांत अधिक आम्हांस आवडलेला खेळ मात्र कॅनडांतल्या एव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट ईयर' हा होय. तो २०१३ मध्यें निघाला. त्याचें नांव मराठींत 'निवांत वर्ष' असें करतां येईल. साहित्य थोडें : पत्त्यांचा एक कॅट, मोठा कागद, पेन्सिली, चिंचोके आणि सहा लहान फांसे. फांसे आहेत, पण ते एकदांही टाकीत नाहींत. त्यांचें काम पुढें सांगूं. एका वस्तीनें दीर्घ लढाईनंतर शत्रूस नुकतेंच पिटाळून लाविलें आहे आणि तिला एक वर्षाची उसंत मिळाली आहे, अशी कल्पना. दोन ते चार जण खेळतात. कोणी एका पात्राची भूमिका घेत नाहीं. सर्वांनीं मिळून त्या वस्तीचा सांभाळ करावयाचा. प्रथम कागदावर नकाशा काढतात आणि कोणत्या गोष्टीची विपुलता व कोणत्या गोष्टींची टंचाई, हें ठरवितात. बदाम म्हणजे वसंत, चौकट म्हणजे उन्हाळा, किलवर म्हणजे शरद आणि इस्पिक म्हणजे हिंवाळा. एक पत्ता म्हणजे एक आठवडा, एकंदर बावन्न. ज्याची पाळी त्यानें पत्ता उचलावा, त्या पत्त्याचा प्रश्न वाचून उत्तर द्यावें आणि मग तिहींपैकीं एक काम करावें : कांहीं नवें शोधून नकाशावर काढावें, एखादें बांधकाम हातीं घ्यावें, किंवा सभा बोलवावी. बांधकामास जितके आठवडे लागणार, तितक्या अंकाचा फांसा नकाशावर ठेवतात आणि दर आठवड्यास अंक एकेकानें कमी करतात. दैवाचा हा चंचल दूत येथें पंचांगाचें काम करतो!

सभेचा नियम फार मार्मिक आहे. प्रत्येकानें एकदांच बोलावयाचें, तेंही एक-दोन वाक्यें. आणि सभेंतून कोणताही निर्णय निघावयाचा नाहीं. ज्यांनीं गांवच्या सभा पाहिल्या आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. सभेखेरीज इतर वेळीं दुसऱ्याच्या पाळींत मत द्यावयास बंदी. दुसऱ्यानें आपणांस न विचारतां कांहीं केलें आणि तें मनास लागलें, तर मध्यें ठेवलेला एक चिंचोका उचलून आपल्यापुढें ठेवावयाचा. त्याचें कारण सांगावयाचें नाहीं. त्या चिंचोक्यांची शेवटीं मोजदाद होत नाहीं, त्यांनीं कोणी जिंकत वा हरत नाहीं. ते नुसते सर्वांच्या डोळ्यांपुढें पडून राहतात.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या बोर्डिंगांतील चार मुलांस आम्हीं हा खेळ मांडून दिला. त्यांत नववींतला एक मुलगा होता. तो वर्गांत हजेरीपुरतें बोलतो. वस्तीस दगड विपुल आणि पाण्याची टंचाई, असें ठरलें होतें. बाकीचे तिघे बुरूज, पूल आणि गुप्त भुयार यांत रंगून गेले. या मुलानें आपल्या पाळीस विहीर खणावयास घेतली आणि पांचाचा फांसा ठेवला. तो दोनावर आला असतां दुसऱ्या एकाच्या पत्त्यानें प्रश्न केला, त्यावर त्यानें विहिरीचें काम बंद पाडून माणसें बुरुजाकडे वळविलीं. हा कांहीं बोलला नाहीं. त्यानें चिंचोका उचलला. पुढें आणखी एक, आणि मग तिसरा. तिसरा चिंचोका ठेवतांना त्याचा आवाज झाला आणि तिघांचींही बोलणीं थांबलीं. बुरूज बांधणाऱ्यानें आपल्या पुढच्या पाळीस सभा बोलावली आणि विचारलें, "विहिरीचें काय करावें?" तेव्हां त्या मुलानें आपलीं दोन वाक्यें सांगितलीं. "बुरुजावर पहारा करणारा रात्रीं पाणी कोठलें पिणार? आमच्या गांवांत टँकर येतो तेव्हां शाळा बुडते." त्या दिवसापासून तो वर्गांत बोलूं लागला, असें मात्र कोणीं समजूं नये, तो अजूनही गप्पच असतो. पण विहीर पुरी झाली, आणि ती नकाशावर सर्वांत ठळक पेन्सिलीनें दुसऱ्यांनींच काढली.

खेळाचा शेवट इस्पिकच्या राजावर होतो. हिंवाळ्याच्या तेरा पत्त्यांत तो कोठें लपला आहे, हें कोणास ठाऊक नसतें. म्हणून वर्ष चाळिसाव्या आठवड्यासही संपेल, किंवा बावन्नाव्यासही. राजा निघाला कीं 'हिमाचे मेंढपाळ' येतात आणि खेळ तेथेंच थांबतो. ते मेंढपाळ कोण, याचा खुलासा नियमांत केलेलाच नाहीं. आमच्या मुलांनीं त्यावर झोंपण्याची घंटा होईपर्यंत वाद घातला.

आतां पालकांच्या शंकांविषयीं. फांसे म्हटले कीं आपल्याकडे शकुनि आणि द्यूत आठवतें, आणि तें स्वाभाविक आहे; परंतु या खेळांत कशाचाही पण लावीत नाहींत, फांसा केवळ शंका सोडविण्यापुरता असतो. दुसरी शंका अमेरिकेंतून आलेली आहे. १९८० नंतरच्या दशकांत तिकडील कांहीं ख्रिस्ती मंडळींनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मुलांस जादूटोण्याकडे व आत्महत्येकडे नेतो, असा मोठा गिल्ला केला. १९८३ मध्यें त्याविरुद्ध एक संस्थाही निघाली. पुढें झालेल्या चौकशींत या आरोपास आधार सांपडला नाहीं. ती भीति दुःखी आईबापांच्या मनांतून निघाली होती, म्हणून आम्ही तिचा उपहास करणार नाहीं. पण ती खरी ठरली नाहीं, हेंही लपविणार नाहीं. आमची स्वतःची काळजी निराळी आहे. एक डाव तीन-तीन तास चालतो, आणि परीक्षेच्या आधींच्या महिन्यांत तीन तास पुष्कळ होतात. हे खेळ सुटींतले आहेत. मात्र ज्या घरांत मूल तेच तीन तास एकटें मोबाइलकडे पाहत बसतें, तेथें आम्ही हा आक्षेप फारसा जोरानें घेणार नाहीं.

भाषेचीही अडचण सांगतात. कारण आम्ही सांगितलेल्या खेळांचीं पुस्तकें इंग्रजींत आहेत. नियम एकानें वाचून समजावून सांगितले म्हणजे पुरे. खेळ तर बोलण्याचाच असल्यामुळें तो मराठींत, अहिराणींत, मालवणींत, कोणत्याही भाषेंत होतो. घरीं जी भाषा बोलतात तिच्यांतच तो अधिक रंगतो, असा आमचा अनुभव आहे. तेव्हां प्रथम खेळणाऱ्यांनीं महागडीं पुस्तकें व रंगीत फांसे यांच्या मागें लागूं नये. खेळगडी किती आहेत, त्यांत सर्वांत लहान कोण, सूत्रधार होण्यास कोणी तयार आहे कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें. सूत्रधार मिळत नसेल तर सूत्रधारावांचूनचा खेळ घ्यावा. मिळत असेल तर खालच्या वर्गांनीं प्राण्यांचा खेळ घ्यावा.

एक सोय मात्र कोणताही खेळ निवडला तरी करून ठेवावी. कागदाच्या तुकड्यावर मोठी फुली काढून तो सर्वांच्या मध्यें ठेवावा. जॉन स्टाव्ह्रोपूलॉस याची ही युक्ति आतां पुष्कळ ठिकाणीं चालते. गोष्ट चालतां चालतां कोणास कांहीं सोसलें नाहीं, म्हणजे कोणाच्या घरीं नुकताच मृत्यु झाला आहे आणि कथेंत मरणाचा प्रसंग आला, तर त्यानें बोटानें त्या फुलीस स्पर्श करावा. तेवढा भाग गोष्टींतून वगळावयाचा आणि पुढें चालावयाचें. कां, म्हणून कोणीं विचारावयाचें नाहीं. डाव संपल्यावरही नाहीं.